ती वाट आधीच मळलेली होती

दरवर्षी 20 मे, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचला तो दिवस, जवळ आला की एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर तो भाचीने टाकला. सातवीत आहे, इतिहास आवडतो तिला. खाली विचारलं होतं, "मामा, हे खरंय का?"

मजकूर साधारण असा: वास्को द गामाने 1498 मध्ये भारताचा शोध लावला, तोवर जगाला भारत नुसता ऐकून माहीत होता. आपले लोक सिंधुबंदीमुळे, म्हणजे समुद्र ओलांडायच्या धार्मिक मनाईमुळे, किनाऱ्यावरच बसून होते. पोर्तुगीज निव्वळ व्यापाराला आले आणि त्यांनी समुद्र सगळ्यांना खुला करून दिला. शिवाय मिरची, बटाटा, काजू त्यांचीच देणगी, तेव्हा आपण त्यांचे आभार मानले पाहिजेत. भाचीला फोनवर चार वाक्यांत उत्तर दिलं, पण माझं समाधान झालं नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो आहे.

पहिला मुद्दा, 'शोध लावला'. यातलं खरं आधी मान्य करू. आफ्रिकेला वळसा घालून युरोपातून थेट भारतात जहाज आणणं हे त्या काळी अचाट काम होतं. किनारा सोडून अटलांटिकमध्ये खोल आत जायचं, जवळजवळ तीन महिने जमीन दिसणार नाही, आणि तरी आफ्रिकेचं दक्षिण टोक, केप, गाठायचं. त्या खलाशांचं कौशल्य कुणी नाकारू नये. पण हा शोध युरोपला लागलेल्या एका नव्या रस्त्याचा आहे. त्या रस्त्याचा शेवटचा तुकडा, म्हणजे पूर्व आफ्रिकेपासून मलबारपर्यंतचा, वास्कोला मालिंदीच्या राजाने दिलेल्या वाटाड्याने पार करून दिला. बारुश हा पोर्तुगीज इतिहासकार त्याला गुजराती म्हणतो आणि त्याचं नाव 'मालेमो काना' असं देतो. मालेमो म्हणजे मालम, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जहाजाच्या वाटाड्याला हाच शब्द आहे. 24 एप्रिलला मालिंदी सोडलं आणि 20 मेला जहाजं केरळातल्या कालिकतजवळ नांगर टाकून उभी होती.

परतीचा प्रवास मात्र याच्या अगदी उलट झाला. तेव्हा तो वाटाड्या सोबत नव्हता आणि वारा फिरायची वाटही कुणी पाहिली नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघालेली जहाजं आफ्रिकेचा किनारा दिसेपर्यंत जानेवारी उजाडला. जे अंतर येताना चार आठवड्यांच्या आत कापलं, त्याला तीन महिने लागले. हिरड्या सुजून दात झाकले जाईपर्यंत माणसं आजारी पडली, तीसेक मेली, जहाज चालवायला हात उरले नाहीत म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं. मोसमी वारा कधी कुठे वाहतो हे कोकण-गुजरात-मलबारच्या खलाशाला पाठ होतं, आणि ते माहीत नसण्याची किंमत किती, ते या तीन महिन्यांनी दाखवलं.

आता 'जगाला नुसता ऐकून माहीत होता' याबद्दल. कालिकतला पोचल्यावर वास्को स्वतः उतरला नाही, सोबत आणलेल्या एका कैद्याला पुढे पाठवलं. त्याला गावातल्या लोकांनी नेऊन दोन ट्युनिसच्या व्यापाऱ्यांसमोर उभं केलं. ते त्याच्याशी कॅस्टिलियन आणि जिनोआच्या भाषेत बोलले. त्यांनी विचारलं, कुठल्या सैतानाने तुला इथे आणलं? त्याने सांगितलं, आम्ही ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला आलो. हे कुणा टीकाकाराने लिहिलेलं नाही, त्या सफरीतल्याच माणसाच्या रोजनिशीत आहे. ज्या भूमीचा 'शोध' लागला, तिथे पहिल्याच भेटीत युरोपातली भाषा ऐकू आली.

त्याआधीही लोक येतच होते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणात कल्याण, सोपारा, चौल ही बंदरं आहेत, आणि पैठण व तेरहून गाड्यांवर लादून भरुचला जाणाऱ्या मालाचीही नोंद आहे. वास्कोच्या जवळपास तीस वर्षं आधी अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि तिथून जुन्नर, बिदरकडे गेला. चौलला आपण गोरे म्हणून लोक मागे मागे येतात, हे त्याने लिहून ठेवलं आहे. आणि खुद्द पोर्तुगालच्या राजाचा हेर, पेरू द कोव्हिल्यां, तोही वास्कोच्या दहाएक वर्षं आधी अरबी जहाजांतून कालिकत आणि गोवा पाहून गेला होता. त्यांच्या राजाला भारत कुठे आहे ते पक्कं ठाऊक होतं. हवा होता तो मधल्या दलालांना टाळणारा रस्ता.

सिंधुबंदीच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. ती काही वर्गांनी स्वतःवर घालून घेतलेली होती, किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्या-खलाशांवर नाही. तोमे पिरेश हा पोर्तुगीजच, 1512 ते 1515 दरम्यान त्याने लिहिलं की गुजरातच्या खंबायत बंदराचे दोन हात आहेत, एक एडनपर्यंत पोचतो आणि दुसरा मलाक्कापर्यंत. बसून राहिलेल्यांचे हात इतके लांब नसतात.

आता सगळ्यात खोटा मुद्दा, समुद्र खुला केल्याचा.

वास्को पहिल्यांदा आला तेव्हा त्याने कालिकतच्या सामुतिरी राजासाठी आणलेला नजराणा पाहा: पट्ट्यापट्ट्यांचं कापड बारा नग, लाल टोप्या चार, हॅट सहा, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायची सहा भांडी, साखरेची एक पेटी, तेलाची दोन आणि मधाची दोन पिंपं. राजाचे कारभारी ते पाहून हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त देतो, म्हणाले. जिथे चीनपासून इजिप्तपर्यंतचा माल उतरत होता आणि राजा सगळ्यांकडून जकात घेऊन सगळ्यांना व्यापार करू देत होता, तिथे विकण्याजोगं पोर्तुगीजांजवळ फारसं नव्हतं. तोफा मात्र होत्या.

1502 मध्ये वास्को दुसऱ्यांदा आला. मक्केहून यात्रेकरू घेऊन परतणारं 'मिरी' नावाचं जहाज त्याने कन्नूरजवळ अडवलं. आधी सगळी संपत्ती काढून घेतली, मग बायका-मुलांसह शेकडो माणसं आत असताना जहाज पेटवलं. ताफ्यातल्याच तोमे लोपेश या माणसाने लिहून ठेवलं आहे की बायका अंगावरचे दागिने आणि कडेवरची पोरं वर धरून दयेची भीक मागत होत्या. हे वाचून पुढे सरकता येत नाही मला. त्यानंतर त्याने सामुतिरीकडे मागणी केली, शहरातले सगळे मुसलमान हाकलून द्या. राजाने नकार दिला, तेव्हा किनाऱ्यावर सापडलेल्या खलाशी-कोळ्यांना मारून, त्यांचे हातपाय तोडून गावाकडे पाठवले आणि शहरावर तोफा डागल्या.

मग आला कार्ताझ, म्हणजे परवाना. आपल्याच समुद्रात जहाज न्यायचं तर पोर्तुगीजांचा कागद जवळ हवा, त्यांनी सांगितलेल्या बंदरात थांबून जकात भरायची, मिरीसारखा माल न्यायची मनाई. कागद नसला तर जहाज जप्त. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तर तिलाही या परवान्यासाठी सुरतेला रखडावं लागलं. मुघल राजघराण्याची ही गत, तर चौलच्या एखाद्या छोट्या नाखव्याची काय असेल! पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक, म्हणजे परवाने, द्यायला सुरुवात केली आणि ते नसलेली जहाजं धरली, तेव्हा इंग्रजांनी त्यांना समुद्री चाचा ठरवलं. हेच काम दोनशे वर्षं करणाऱ्यांना मात्र आपण अजून 'दर्यावर्दी' म्हणतो.

'निव्वळ व्यापार' म्हणणाऱ्याने एकदा गोव्यात म्हार्दोळ-कवळ्याला जाऊन यावं. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला का आली, हे तिथला कुणीही सांगेल. पोर्तुगीज देवळं पाडत होते म्हणून रातोरात देव उचलून नदीपलीकडे न्यावे लागले होते. 1560 मध्ये बसलेलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्म-न्यायालय, 1812 पर्यंत टिकलं, मधली मोजकी वर्षं सोडून.

राहिली मिरची. ती, बटाटा, काजू, अननस पोर्तुगीज जहाजांतून आले हे खरंच आहे, आणि मिरचीविना आपलं पान हलत नाही. मिरची हे नावही आपण आपल्या मिरीवरून दिलं. पण जहाजाने आणलं म्हणजे जहाजाने घडवलं असं होत नाही. मिरची मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनी आणि बटाटा अँडीजच्या डोंगरातल्या लोकांनी हजारो वर्षं निवडून, जपून वाढवला. काजू आणि अननस या शब्दांचं मूळ ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेत आहे. आभार मानायचेच तर त्यांचे.

त्यांचं काय झालं तेही भाचीला सांगितलं. काब्राल या पोर्तुगीज कप्तानाचा ताफा एप्रिल 1500 मध्ये ब्राझीलला लागला, तेव्हा तुपी लोक किनाऱ्यावर येऊन त्यांच्यासोबत नाचले. निघताना काब्रालने दोन कैदी तिथेच सोडले. ते रडायला लागले, तर तुपींनीच त्यांची समजूत काढली. साठेक वर्षांत त्याच लोकांना उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबवलं जात होतं, आणि 1562-63 मध्ये बाहियात देवीच्या साथीने हजारोंनी माणसं मेली. तो ताफा ब्राझीलहून पुढे निघाला तो कालिकतला आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, तिथल्या पोर्तुगीज वखारीवर हल्ला झाल्याचं कारण देऊन, काब्रालने बंदरातली दहा जहाजं धरली, त्यांवरची शेकडो माणसं मारली आणि शहरावर तोफांचा मारा केला.