मास्टर्स स्पर्धेत 'सगळं चालतं' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पोहणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मास्टर्स स्पर्धेत, म्हणजे पंचविशीच्या पुढच्यांच्या शर्यतींत, पंच वय बघून सोडून देतात, असं त्यात सुरुवातीला म्हटलंय. पुढे मात्र दटावण्या: डॉल्फिन किक (दोन्ही पाय एकदम वरखाली मारणं) जमत नसेल तर बटरफ्लायला नाव देऊ नका, ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही हात भिंतीला एकाच उंचीवर टेकवा, बॅकस्ट्रोकला, म्हणजे उताणं पोहताना, पालथे झालात की बाद, फ्रीस्टाइल म्हणजे क्रॉलच (पालथं राहून एकेक हात आळीपाळीने मारणं). यातलं एकही विधान खरं नाही. आणि असलं काही वाचून चांगली पोहणारी माणसं घाबरून मागे राहतात, नाहीतर फुकट डीक्यू, म्हणजे शर्यतीतून बाद, होतात.

पंच सोडत नाहीत. वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स या पोहण्याच्या जागतिक संघटनेचे स्ट्रोकचे नियम मास्टर्सनाही लागू आहेत. सवलती मोजक्या आहेत आणि त्या लिहून ठेवलेल्या आहेत. ब्लॉकवरून, म्हणजे सुरुवातीच्या चौथऱ्यावरून, सूर मारायची भीती वाटत असेल, तर काठावरून किंवा पाण्यात उतरून भिंतीला पाय रेटून सुरुवात करता येते.

बटरफ्लायची सवलत तर मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नाही. मास्टर्समध्ये बटरफ्लायला ब्रेस्टची, म्हणजे पावलं बाहेर वळवून बेडकासारखी मारायची, किक चालते. हाताच्या एका ओढीला एकच किक. टर्नच्या (भिंतीपाशी वळण्याच्या) आणि शेवटच्या टचच्या (भिंतीला हात लावण्याच्या) आधी हात न ओढता एक जास्तीची मिळते. हात मात्र दोन्ही एकदम पाण्यावरूनच पुढे यायला हवेत. कंबर साथ देत नाही म्हणून ५० मीटर बटरफ्लाय सोडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

ब्रेस्टच्या टचला हात एकाच वेळी आणि एकमेकांपासून सुटे लागले पाहिजेत. एक वर, एक खाली असला तरी चालतो. बाद होण्याचं खरं कारण पायांत असतं. गुडघा दुखरा असला की त्या बाजूचं पाऊल बाहेर वळतच नाही. एक पाय ब्रेस्टचा मारतो, दुसरा कात्रीसारखा फिरतो. पोहणाऱ्याला पत्ता नसतो, मागे उभ्या पंचाला स्वच्छ दिसतं. तेव्हा हातांची उंची मोजत बसण्यापेक्षा कुणाला तरी मागून पायांचा व्हिडिओ काढायला सांगा.

बॅकला टर्न घेताना पालथं होता येतं. फक्त पालथं झाल्यावर लगेच हाताची एक सलग ओढ घेऊन टर्न सुरू करायचा. पालथे होऊन भिंतीपर्यंत नुसत्या किक मारत गेलात, तर बाद. शेवटचा टच उताण्यानेच. एरवी उताणं राहून दोन्ही हात एकदम फिरवले, खाली ब्रेस्टची किक मारली, तरी ते नियमात बसतं. खांदे आखडलेल्यांना हाच प्रकार सोसतो.

फ्रीस्टाइलला कोणताही स्ट्रोक चालतो, अगदी ब्रेस्टसुद्धा. अपवाद मेडलीचा, म्हणजे चारही स्ट्रोक असलेल्या शर्यतीचा: तिथे फ्रीस्टाइलच्या टप्प्यात बॅक, ब्रेस्ट, बटरफ्लाय चालत नाहीत. दम लागला तर फ्रीस्टाइलमध्ये तळाला पाय टेकून उभंही राहता येतं. चालायचं नाही आणि लेनची दोरी ओढायची नाही, एवढंच. हा मेसेज वाचून ज्यांनी २०० मीटर फ्रीस्टाइलमधून नाव मागे घेतलं, त्यांनी मुदत संपायच्या आत ते पुन्हा द्यावं.