आधी दूध, टोपी नंतर

नमस्कार, एल्डर.

तुमचं वय एकोणीस, काम मॉर्मन चर्चच्या प्रचाराचं. पांढरा शर्ट, छातीवर नावाची काळी पाटी, शेजारी तुमच्याच वयाचा दुसरा एल्डर. एल्डर म्हणजे वडीलधारा. रोज दाढी करायचा नियम आहे, पण दाढीच अजून रोज येत नाही, ही गोष्ट वेगळी. ओहायोतल्या एका स्वयंपाकघरात तुम्ही बसला आहात. घरच्या बाईंनी चहा विचारला, तुम्ही नको म्हणालात. कॉफी विचारली, तीही नको. शेवटी बिचारीने लिंबाचं सरबत केलं. तिला तुमचं बोलणं आवडलंय, पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा घ्यायचं जवळजवळ ठरलंय, आणि आता तुमच्यापुढे प्रश्न आहे की चर्चच्या इतिहासातल्या अडचणीच्या गोष्टी तिला सांगायच्या का, आणि सांगायच्या तर किती.

घाबरू नका. मी तुमच्या पंथाचा नाही, पण लग्नं जमवणाऱ्या मावशीच्या घरात वाढलोय. स्थळ दाखवताना काय पुढे करायचं आणि काय माजघरात ठेवायचं, हे मी कांदेपोह्यांच्या वासाबरोबर शिकलो. मावशीचा नियम एकच होता: विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आणि विचारायला वेळ द्यायचा नाही.

तुमच्याकडे तर याला शास्त्राधार आहे. पौलाने करिंथकरांना लिहिलंय की मी तुम्हांला दूध पाजलं, जड अन्न दिलं नाही. दूध किती वर्षं पाजायचं ते त्याने लिहिलेलं नाही, ही तुमची सोय. शिवाय १९८१ साली तुमचे प्रेषित बॉइड पॅकर यांनी धर्मशिक्षकांना सांगूनच ठेवलं होतं की काही गोष्टी खऱ्या असतात, पण फारशा उपयोगाच्या नसतात. मावशीने हे वाक्य देव्हाऱ्याशेजारी लावलं असतं.

(तुम्हाला मॉर्मन म्हणू नये असं तुमच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी २०१८ साली बजावलंय, हे मला ठाऊक आहे. त्याआधी काही वर्षं ‘मी मॉर्मन आहे’ अशी जाहिरात तुम्हीच करत होता, हेही ठाऊक आहे. ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ दर वेळी लिहीत बसलो तर सल्ला द्यायला जागा उरणार नाही.)

तर सुरुवात चित्रापासून करा. तुमच्या चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ टेबलापाशी बसलाय, पुढ्यात प्राचीन मजकुराचे सोन्याचे पत्रे उघडे, त्याचं बोट ओळीवरून फिरतंय, आणि लेखनिक पिसाच्या लेखणीने मजकूर उतरवून घेतोय. सुंदर चित्र आहे. मॉर्मनचा ग्रंथ, तुमचा धर्मग्रंथ, असा भाषांतरित झाला म्हणायचं आणि पुढच्या पानावर जायचं. जोसेफची बायको एमा हिने स्वतः लेखनिकाचं काम केलं होतं, आणि म्हातारपणी, १८७९ साली, तिने जे सांगितलं ते मध्ये आणू नका. ती म्हणाली, जोसेफ टोपीत दगड ठेवायचा, तोंड टोपीत खुपसायचा आणि मजकूर सांगायचा. पत्रे? ते टेबलावर कापडात गुंडाळून ठेवलेले असत. म्हणजे चित्रात पत्रे उघडे आहेत आणि टोपी नाही. एमाच्या आठवणीत टोपी आहे आणि पत्रे झाकलेले आहेत. एवढा फरक चित्रकाराला माफ असतो.

हा दगड जोसेफला १८२२च्या सुमारास विहीर खणताना सापडला होता. अशा दगडात बघून तो लोकांना पुरलेलं धन शोधून द्यायला जायचा, आणि त्यावरून १८२६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बेनब्रिजला त्याला न्यायाधीशापुढे उभं राहावं लागलं. आता खरं सांगू का, एल्डर? ही गोष्ट माझ्या आजोळच्या ओट्यावर सांगितली असतीत, तर कुणी दचकलं नसतं. आमच्याकडे पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की गुप्तधन दिसतं म्हणतात. आजीने फक्त विचारलं असतं, ‘मग सापडलं का काही?’ पण तुम्ही आजीला सांगत नाही आहात. तुम्ही ओहायोच्या बाईंना चित्र दाखवत आहात, तेव्हा चित्रावरच थांबा.

पुढेमागे तिला कळलंच आणि ‘लपवलंत का?’ असं तिने विचारलं, तर आवाज अजिबात चढवू नका. शांतपणे सांगा की लपवलं कुठे? १९९३च्या जुलैमध्ये चर्चच्या मासिकात टोपीचा उल्लेख आला होता. २०१५च्या ऑगस्टमध्ये तर दगडाचा रंगीत फोटोच प्रसिद्ध केला. चॉकलेटी, अंड्याच्या आकाराचा, सोबत त्याची चामड्याची पिशवी. ग्रंथ छापल्यापासून जेमतेम १८५ वर्षांनी फोटो! दोष असलाच तर जुने अंक न चाळणाऱ्या तिचा.

जोसेफला चौदाव्या वर्षी रानात झालेलं दर्शन सांगायला हरकत नाही, फक्त १८३८ साली सांगितलेली हकिकत घ्या. तीत पिता आणि पुत्र असे दोघे दिसतात. १८३२ची, त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली, एका प्रभूचाच उल्लेख करते. तिची पानं कुणीतरी वहीतून कापून काढली होती आणि नंतर परत जोडली. कशाला त्या वहीत शिरायचं?

आता मुख्य अडचण. बायका.

इथे महाभारत कामाला येईल. धर्मराजाने ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटलं, कृष्णाने शंख फुंकला आणि द्रोणाचार्यांना पुढचं ऐकू आलं नाही. तुमच्या चर्चच्या २०१४च्या लेखातही मान्य केलंय की त्या काळात नेत्यांनी मोजून-मापून शब्द वापरून बहुपत्नीत्वाचे इन्कार केले. मे १८४४मध्ये जोसेफने भर सभेत म्हटलं की माझ्यावर सात बायकांचा आरोप करतात, मला तर एकच सापडते. त्याच लेखात त्याच्या विवाहांचा अंदाज तीस ते चाळीस असा दिलाय. अर्थात तळटिपेत. तळटीप म्हणजे छापील शंख, एल्डर: वाजतोही आणि कुणाला ऐकूही येत नाही.

त्याहून मोठा आदर्श जॉन टेलर, जे पुढे चर्चचे तिसरे अध्यक्ष झाले. १८५० साली फ्रान्समधल्या बुलोन गावी जाहीर वादात त्यांना याच विषयावर धरलं. त्यांनी तुमच्या दुसऱ्या एका धर्मग्रंथातलं विवाहाचं कलम वाचून दाखवलं: एका पुरुषाला एक बायको. कलम छापलेलं होतं, त्यांनी अचूक वाचलं, एक अक्षर गाळलं नाही. घरी एकाहून अधिक बायका होत्या, पण घराबद्दल कलमात काही लिहिलेलं नव्हतं. ते कलम ग्रंथातून काढलं १८७६ साली.

मध्ये ऑगस्ट १८५२मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या सभेत बहुपत्नीत्व जाहीर झालं. त्याच सभेत शंभराच्या वर माणसांना प्रचारासाठी देशोदेशी धाडलं, त्यांतले काही हिंदुस्थानात. त्याच सुमारास ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश एल्डर मुंबईत उतरला होता. पुढे तो पुण्यातही गेला. विचार करा, एल्डर. आदल्या वर्षापर्यंत ‘शत्रूंच्या कंड्या आहेत हो’ म्हणून वेळ मारून नेता येत होती, आणि आता बोटीने कंडी येते ती तुमच्याच मुख्यालयाचा शिक्का घेऊन! १८५०च्या दशकातला तो सगळा हिंदुस्थानी प्रयत्न मूठभर माणसं जोडून आटोपला. त्याला इतरही कारणं होती, पण हे कारण मला फार घरगुती वाटतं. नवऱ्याकडची एक गोष्ट लपवायची असं ठरवून मावशी मुलीकडच्यांसमोर बसलीय आणि नवऱ्याचा काकाच ती बोलून बसतो, तसं.

जोसेफच्या बायकांपैकी हेलन मार किंबॉलचं नाव निघालं तर लग्नातलं वय सांगू नका. लेखातला शब्दप्रयोग पाठ करा: ‘पंधराव्या वाढदिवसाच्या काही महिने आधी’. चौदा हा आकडा कुठेही येत नाही, आणि पंधरा येतो. ज्याने हे वाक्य लिहिलं त्याला माझ्या मावशीने भागीदार करून घेतलं असतं.

काळ्या पुरुषांना याजकपद देणं १९७८ साली सुरू झालं, हे मात्र आनंदाने सांगा. ‘सुरू झालं’ असंच म्हणा. ‘परत सुरू झालं’ म्हणालात तर बाई विचारतील, बंद कधी केलं होतं, आणि मग १८५२, तेव्हाचे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग, १२६ वर्षं, आणि १८३६ साली याजकपद मिळालेला काळा माणूस एलायजा एबल, असं सगळं ताटात वाढावं लागेल.

बाई ओहायोच्या आहेत, तेव्हा कर्टलंडची सहल काढू नका. तिथे जोसेफने बँक काढली होती. सनद मिळाली नाही म्हणून नोटांवरच्या ‘बँक’ शब्दाच्या मागेपुढे बारीक अक्षरं छापून ‘अँटी-बँक-इंग कंपनी’ केलं, आणि १८३७ साली ती बुडाली. कर्टलंडलाच १८३५ साली इजिप्तच्या ममींबरोबर घेतलेले पपायरस अब्राहामाचे म्हणून भाषांतरित झाले. १९६७ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियममधून त्यांतले काही तुकडे परत मिळाले, ते प्रेताबरोबर ठेवायच्या नेहमीच्या मजकुराचे निघाले. पाऊस येतोय म्हणा आणि सहल रद्द करा.

माउंटन मेडोजसाठी व्याकरण शिकावं लागेल. ११ सप्टेंबर १८५७, दक्षिण युटाह. आर्कान्सातून कॅलिफोर्नियाला निघालेला गाड्यांचा तांडा. पांढरं निशाण दाखवून, शस्त्रं खाली ठेवा, सुखरूप पोचवतो असं सांगून त्यांना बाहेर काढलं, आणि सुमारे १२० माणसं, बायका, मुलं मारली. ‘मारली’ म्हटलं की कर्ता विचारतात. म्हणून ‘मारली गेली’. कर्ता अगदीच लागला तर आधी पायूट इंडियन, मग जॉन डी. ली, ज्याला वीस वर्षांनी त्याच कुरणात गोळ्या घातल्या. स्थानिक मॉर्मन मिलिशिया हा शब्द सगळ्यांत शेवटी. सतरा मुलं जिवंत ठेवली, कारण पाहिलेलं सांगता येण्याइतकी ती मोठी नव्हती. हे मात्र तिला सांगूच नका. मला सांगितल्यापासून माझ्या डोक्यातून ते गेलेलं नाही.

बाप्तिस्मा झाला की मग हळूहळू जड अन्न. तोवर तिने कमाईचा दशमांश चर्चला द्यायला सुरुवात केलेली असेल, रविवारच्या शाळेत लहान मुलांचा वर्ग घेतलेला असेल, चहा सोडलेला असेल, बहिणीशी या पायी भांडण झालेलं असेल. मग दगड काय आणि टोपी काय, ती पचवेलच. मावशी म्हणायची, अक्षता पडल्यावर मुलीकडचे चौकशी करत नाहीत. तिने जमवलेल्या चाळीसेक लग्नांपैकी सहा-सात घरांतून तिला पुन्हा कधी हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही, ते सोडा.

आता रात्रीचे साडेदहा, तुमची दिवे मालवायची वेळ. फोन वाजतो. बाईंचा मेसेज आहे: एक फोटो. चॉकलेटी रंगाचा, अंड्याएवढा दगड, शेजारी चामड्याची पिशवी. खाली एकच ओळ, ‘हे काय आहे?’

तुम्ही फोन दुसऱ्या एल्डरकडे देता. तो फोटो मोठा करून बघतो, परत लहान करतो. त्याच्या घरी पाच पिढ्या मॉर्मन आहेत. त्याच्या दिवाणखान्यात ते बोट फिरवणारं चित्र आहे, वर काच बसवलेलं. ‘कुठल्यातरी विरोधकाच्या साइटवरचं असेल,’ तो म्हणतो, आणि तुमच्याकडे बघतो. तुम्हालाही नक्की माहीत नाही. तुम्हालाही कुणी दूधच पाजलं होतं.

लिहायला घेता, खोडता. शेवटी पाठवता: ‘हे तुम्हाला कुठे सापडलं?’

उत्तर लगेच येतं. पत्ता तुमच्याच चर्चचा आहे.