‘एकदा रोड टॅक्स भरला की देशभर मोकळे’? त्या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, नातेवाईकांच्या ग्रुपवर, सगळीकडे हा मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: “आता वन नेशन वन टॅक्स लागू झालाय. गाडी एकदा रजिस्टर झाली की भारतात कुठेही कायम वापरा. नवीन नंबर नको, एनओसी (मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र) नको. पोलिसांनी अडवलं तर सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवा. तरी भीती वाटत असेल तर बीएच (भारत सिरीजचा, राज्य बदललं तरी तोच राहणारा) नंबर घ्या, कुणालाही मिळतो. नाहीतर टॅक्स दोनदा भराल आणि पहिला बुडेल.”

अर्धवट खरं असल्यामुळेच लोकांना हे पटतं. पुण्याहून बेंगळुरूला बदली झालेल्या माणसाला तर पटवूनच घ्यायचं असतं, कारण समोर लाखाच्या आसपासचा खर्च दिसत असतो.

“गाडी देशभर चालते.” हो, चालते. मोटर वाहन कायदा १९८८, कलम ४६, एका राज्यातली नोंदणी सगळ्या भारतात वैध. फॉरवर्डवाला इथे थांबतो आणि पुढचंच कलम वाचत नाही. कलम ४७ सांगतं की गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ‘ठेवली’ तर तिथला नवीन नंबर घ्यायचा, आणि कलम ४९ म्हणतं पत्ता बदलला की ३० दिवसांत नवीन ठिकाणच्या आरटीओला कळवायचं (हे कुणीच करत नाही ते सोडा). आता ‘ठेवली’ म्हणजे काय, तर गाडीचा मुक्काम कुठे आहे ते. सावंतवाडी-बांद्याकडचा माणूस एमएच ०७ ची गाडी घेऊन रोज गोव्यात कामाला जातो आणि संध्याकाळी घरी येतो, त्याची गाडी सिंधुदुर्गातच ठेवलेली आहे, त्याने घाबरायचं कारण नाही. कागल-निपाणीच्या बाजूचंही तेच. पण पुण्यातला फ्लॅट सोडून, बायकापोरं घेऊन, मुलांची शाळा बदलून बेंगळुरूला राहायला गेलात आणि गाडी तीन वर्षं एमएच १२ वरच फिरतेय, तर ते यात बसत नाही.

“वन नेशन वन टॅक्स लागू झालाय.” नाही झालेला. अफवेचं मूळ मात्र खरं आहे. एप्रिल २०१८ मध्ये राज्यांच्या परिवहन मंत्र्यांच्या गटाने शिफारस केली होती की देशभर सारखाच टॅक्स ठेवा, १० लाखांखाली ८ टक्के, १० ते २० लाखांना १०, त्यावर १२. ती शिफारसच राहिली, कारण वाहनांवरचा टॅक्स घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत आहे, नोंद ५७, आणि हातातलं उत्पन्न कुठलं राज्य सोडेल? २०१७ ला जीएसटी आला तेव्हाही रोड टॅक्स त्यात गेला नाही. म्हणून ९ लाखांच्या पेट्रोल गाडीला दिल्लीत ७ टक्के, महाराष्ट्रात ११, कर्नाटकात १४ आणि वर सेस. म्हणजे दिल्लीत ६३ हजार, इथे ९९ हजार, तिथे सव्वा लाखाच्या वर. या फरकामुळेच लोक स्वस्त राज्यात गाडी नोंदवून महाग राज्यात वापरतात. पुदुच्चेरीच्या पत्त्यावर महागड्या गाड्या नोंदवून त्या केरळात चालवल्याचं प्रकरण २०१७ मध्ये किती गाजलं आठवतंय ना, त्यात सिनेमातल्या लोकांची नावं होती.

थोडक्यात नोंदणीचा कायदा केंद्राचा आणि टॅक्सचा राज्याचा, सगळा गोंधळ या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतो.

“सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवा.” कुठला? मेसेजमध्ये ना केसचं नाव, ना तारीख. जो निकाल लोकांच्या डोक्यात असतो तो कर्नाटक हायकोर्टाचा आहे, २०१६ चा. झालं असं की २०१४ मध्ये कर्नाटकाने नियम केला, बाहेरची गाडी ३० दिवसांच्या वर राहिली की लाइफटाइम टॅक्स भरा. बेंगळुरूच्या रस्त्यावर एमएच, टीएन, केएल नंबर अडवून वसुली सुरू झाली, लोक कोर्टात गेले, आणि कोर्टाने सांगितलं की केंद्राच्या कायद्यात १२ महिने आहेत, ३० दिवसांवर टॅक्स मागता येणार नाही. याचा अर्थ १२ महिन्यांची मोकळीक मिळाली, जन्मभराची नाही. आणि ते १२ महिने झाले नाहीत हे दाखवायची वेळ तुमच्यावर येते, म्हणून टोलच्या नोंदी, भाडेकरार, जॉइनिंग लेटर जपून ठेवा, प्रिंट काढलेलं फॉरवर्ड चालत नाही.

“एनओसी नको.” नवीन नंबर घ्यायचा तर हवी. एनओसीसाठी फॉर्म २८ मूळ आरटीओत, नवीन नंबरसाठी फॉर्म २७ नवीन आरटीओत. लोन चालू असेल तर बँकेची संमती लागते, बरेच जण इथेच अडकतात. एक कामाची गोष्ट मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. कलम ४८ प्रमाणे अर्ज दिल्यावर ३० दिवसांत आरटीओने होकार-नकार कळवला नाही तर एनओसी दिली असं धरलं जातं, म्हणजे अर्जाची पोच आणि ‘मला काही कळवलेलं नाही’ हे लिहून देऊन पुढे जाता येतं. पोच घ्यायची तेवढी विसरू नका. काउंटरवर हे सांगून किती उपयोग होईल ते तिथल्या साहेबावर अवलंबून, पण कायद्यात आहे एवढं नक्की.

“बीएच कुणालाही मिळतो.” नाही हो. सप्टेंबर २०२१ पासून ही सिरीज आहे, ती सैन्यातल्या लोकांना, केंद्र-राज्य सरकारी आणि सरकारी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना, आणि खाजगीत फक्त ज्यांच्या कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत आहेत त्यांना. खाजगीवाल्यांना कंपनीकडून फॉर्म ६० (नोकरीचा दाखला) आणावा लागतो. स्वतःचं दुकान, क्लिनिक, छोटी फर्म असेल तर विषय संपला. टॅक्स एकरकमी नसून दोन-दोन वर्षांचा, दर तेच ८-१०-१२ (डिझेलला २ टक्के जास्त, इलेक्ट्रिकला २ कमी), आणि भरायला उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये दंड. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीपासून जुनी गाडीही बीएचमध्ये नेता येते, पण पात्रता तीच.

“पहिला टॅक्स बुडतो.” इथे मी फॉरवर्डवाल्याशी अर्धा सहमत आहे. कायद्याने बुडत नाही. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी टॅक्सपैकी उरलेल्या वर्षांचा भाग परत मिळतो, आणि नवीन राज्यातही पूर्ण दर लागत नाही, गाडी जितकी जुनी तितकी टक्केवारी उतरते. पण क्रम बघा. आधी तिकडे खिशातून भरा, नवीन आरसी घ्या, मग तिचा पुरावा घेऊन मूळ आरटीओत रिफंडचा अर्ज करा. तुम्ही बेंगळुरूत, फाइल पुण्यात, रजा काढून कोण जाणार? एजंट त्याचे पैसे मागतो, मधल्या काळात गाडीचं वय वाढतं, आणि शेवटी माणूस ‘जाऊदे’ म्हणतो. एका राज्याने दुसऱ्या राज्याकडे ही रक्कम आपापसात वळती का करू नये, सगळा डेटा एकाच वाहन पोर्टलवर असताना, हे मला आजवर समजलेलं नाही. ग्रुपवर ओरडायचंच असेल तर यावर ओरडा.

आणि रिफंडचा विचार असेल तर निघण्याआधीच मूळ टॅक्सची पावती आणि गाडीचं इन्व्हॉइस शोधून ठेवा, नवीन राज्यात टॅक्स काढताना इन्व्हॉइस लागतंच. नवीन नंबर आला की नंबरप्लेट, फास्टॅग आणि इन्शुरन्स तिन्हीवर तो बदलून घ्या. फॅन्सी नंबरसाठी पैसे मोजले असतील तर ते मात्र खरंच गेले.