खुलासा : एव्हरेस्टवरील ऑक्सिजनविषयी फिरणारा मजकूर

‘एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेत ऑक्सिजन जेमतेम सात टक्के असतो, मात्र व्यावसायिक मोहिमेबरोबर गेल्यास सिलिंडर आणि शेर्पा सोबत असल्याने शरीर उंचीला सरावण्याची गरज उरत नाही,’ असा मजकूर सध्या फिरत आहे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत आणि दुसरे तर जिवावर बेतणारे आहे.

8848.86 मीटर उंचीवरही हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण समुद्रसपाटीइतकेच, म्हणजे सुमारे 21 टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. तो जवळपास एकतृतीयांशावर उतरल्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच घटतो.

सिलिंडर सर्वसाधारणपणे 7000 मीटरच्या पुढे वापरला जातो. त्याआधीचा बेस कॅम्प आणि त्याच्या वरचा खुंबूचा हिमप्रपात, म्हणजे हिमनदीचा भेगाळलेला, तीव्र उताराचा भाग, गिर्यारोहकाला स्वतःच्या फुप्फुसांवरच पार करावा लागतो. शिवाय मास्क लावला तरी समुद्रसपाटीची स्थिती येत नाही. उच्छ्वासातील बाष्प गोठून मास्कची झडप अडकते, बाटली वेळेआधी संपते, आणि माथ्याजवळ असे घडल्यास न सरावलेला माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपू शकतो. याउलट, पुरेसे सरावलेले राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर 8 मे 1978 रोजी सिलिंडरशिवाय माथ्यावर पोहोचले होते.

अलीकडे काही जण घरीच कमी ऑक्सिजनच्या तंबूत झोपून तयारी करतात, पण तोही सरावच आहे. शेर्पांचे कौशल्य वादातीत असले, तरी तेवढ्या उंचीवरून बेशुद्ध माणसाला खाली आणताना त्यांचेही प्राण पणाला लागतात.