साक्रीच्या दादांना उत्तर: जिनिव्हातली खुर्ची आणि पाठीवरचा पंप

दादा, रामराम.

तुमची प्रतिक्रिया लांब आहे, तिखट आहे आणि खाली तिला बऱ्याच जणांनी अंगठे दिलेत. तेव्हा दोन ओळींत 'धन्यवाद' लिहून सटकणं बरं दिसणार नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हवामान परिषदांमध्ये देश जे बोलतात ते त्यांच्या परराष्ट्र धोरणातून येतं, निसर्गाच्या कळवळ्यातून नाही, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं आणि भारताच्या एकदोन भूमिकांवर टीकाही केली होती. दादांचं म्हणणं असं की हा सगळा बड्या देशांचा तमाशा आहे, त्याचा आपल्याशी काडीचा संबंध नाही. "येन्हा आम्हले काय उपेग?" हे त्यांचेच शब्द. शिवाय बाहेरचे आपल्याला कोळशावरून झोडपत असताना घरच्याच माणसाने देशाच्या भूमिकेत खोट काढली तर ती त्यांच्या हातात काठी देण्यासारखी आहे.

आधी उपेगाचं बघू. तुम्ही साक्रीचे, म्हणून तुमच्याच तालुक्यातून सुरुवात करतो. शिवाजीनगरचा महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प तुम्ही रोज नाही तरी महिन्याकाठी बघत असाल. त्याला कर्ज दिलं केएफडब्ल्यूने, म्हणजे जर्मनीच्या केंद्र आणि राज्य सरकारांच्या मालकीच्या बँकेने. जर्मनीला आपल्या माळरानाचा अचानक पुळका आला नव्हता. हवामान हा त्या देशाने आपल्या परराष्ट्र धोरणाचा एक खांब करून ठेवला आहे आणि भारतासारख्या मोठ्या देशाशी नातं बांधायला सौरऊर्जेसारखा बिनवादाचा विषय सोयीचा पडतो. यात वाईट काही नाही. पण बर्लिनमध्ये धोरण वेगळं असतं तर ते पैसे दुसऱ्या कुठल्या देशात गेले असते.

तुमच्याकडच्या पवनचक्क्यांचंही तेच. श्रीमंत देशांनी आपला धूर कमी करावा असं ठरवणाऱ्या क्योटो करारात सीडीएम नावाची सोय होती. गरीब देशात स्वच्छ वीज तयार झाली की त्याचं कार्बन क्रेडिट श्रीमंत देशांतल्या कंपन्यांना विकता यायचं. धुळे जिल्ह्यातल्या काही पवनऊर्जा प्रकल्पांनी तिथे नोंदणी केली होती. २००८ मध्ये युरोपात या क्रेडिटचा भाव टनाला २० युरोच्या वर होता, तो २०१२ संपताना एका युरोच्याही खाली आला. मंदी होती, क्रेडिटचा पूर आला होता, हे खरंच. पण युरोपीय संघाने एक निर्णयही घेतला होता: २०१२ नंतर नोंदल्या जाणाऱ्या नव्या प्रकल्पांची क्रेडिट फक्त अतिअविकसित देशांकडूनच घ्यायची. भारत आणि चीनने आता स्वतः बंधनं स्वीकारावीत, हा त्यामागचा दबाव होता. ब्रुसेल्समध्ये दार बंद झालं आणि इथे पुढच्या पवनचक्कीचा हिशेब बदलला. तुमच्या प्रश्नातला उपेग आणि तोटा असे दोन्ही तुमच्याच माळावर उभे आहेत.

आता नंदुरबारकडे या, कारण खरी गोष्ट तिथली आहे. अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्यात जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, मणिबेली धुळ्यात होतं. या धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते आणि टर्बाइनसाठी जपानचे पैसे येणार होते. खोऱ्यातल्या लोकांनी लढा उभा केला, तो गाजला, आणि जपानने १९९० मध्ये पुढचा हात आखडता घेतला. तिकडे अमेरिकी काँग्रेसने १९८९ मध्ये कायदा केला होता की पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल वेळेत हाती आल्याशिवाय जागतिक बँकेतल्या अमेरिकेच्या प्रतिनिधीने अशा प्रकल्पाला मत द्यायचं नाही. तो कायदा आणणाऱ्या बाईंचं नाव नॅन्सी पेलोसी. नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दबाव वाढल्यावर बँकेने ब्रॅडफर्ड मॉर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. जून १९९२ च्या अहवालात तिने सरळ लिहिलं की आहे त्या परिस्थितीत विस्थापितांचं पुनर्वसन शक्य नाही, बँकेने मागे सरावं. बँकेच्या मंडळात अमेरिका, जपान, जर्मनी विरोधात गेले तरी बहुमताने कर्ज चालू राहिलं, पण कडक अटींवर. अटी पाळता येईनात, तेव्हा मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनेच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. धरण थांबलं का? नाही. देशाच्या पैशाने ते पुढे चढत गेलं आणि २०१७ मध्ये पूर्ण उंचीचं उद्घाटन झालं. अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावं बुडिताच्या यादीत होती, ती राहिलीच. मणिबेलीचं नाव मात्र जगभर गेलं. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये असा जो जाहीरनामा निघाला, तो मणिबेलीच्या नावाचा.

तुम्ही म्हणाल, हे परदेशी कारस्थानच. काहींना तेव्हाही तसंच वाटलं होतं. मला त्यात दुसरंच काही दिसतं. दूरच्या देशाच्या धोरणाला एक दांडा सापडला आणि तो मणिबेलीच्या लोकांनी धरला, कारण जवळचे दांडे त्यांच्या हाताला लागत नव्हते. त्या दांड्याने पैसा अडला, पाणी अडलं नाही. परक्या सरकारच्या कळवळ्याची ताकद तेवढीच असते.

आता "बड्या देशांचा तमाशा" याबद्दल. यात तुमचं-माझं भांडण निम्मंच आहे. क्योटो करार १९९७ चा, पण तो लागू झाला फेब्रुवारी २००५ मध्ये. अमेरिकेने अंग काढून घेतल्यावर सगळं रशियाच्या सहीवर अडलं होतं. युरोपने रशियाच्या जागतिक व्यापार संघटनेतल्या प्रवेशाला पाठिंबा दिला आणि मग २००४ च्या शेवटी रशियाने क्योटोला मान्यता दिली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच पेलोसीबाई तैवानला गेल्या, तर चिडलेल्या चीनने अमेरिकेशी चालू असलेली हवामान चर्चाच बंद केली. जगातले सर्वांत जास्त धूर सोडणारे दोन देश, आणि बोलणी थांबली ती एका विमानप्रवासावरून! पॅरिस करारातलं अमेरिकेचं आत-बाहेर तर आता कोणी मोजतही नाही.

पण तमाशा म्हणून पाठ फिरवली की तुमच्या वाट्याचं दुसराच कोणीतरी ठरवतो. ओझोनचं उदाहरण घ्या. मॉन्ट्रियल करार १९८७ मध्ये झाला तेव्हा भारत आणि चीन बाहेर राहिले. त्यांचं म्हणणं होतं की ओझोनला भोक तुम्ही पाडलं, मग फ्रिजमधला वायू बदलायचा खर्च आम्ही का करायचा? १९९० मध्ये लंडनला ते अडून बसले. श्रीमंत देशांना माहीत होतं की हे दोघे बाहेर राहिले तर कराराला अर्थ नाही. शेवटी गरीब देशांचा वाढीव खर्च भरून देणारा बहुपक्षीय निधी मान्य झाला आणि भारत १९९२ मध्ये आत आला. त्या निधीतून इथल्या कारखान्यांना खरोखर पैसे मिळाले. हाही परराष्ट्र धोरणाचाच खेळ होता, फक्त तो आपण नीट खेळलो.

म्हणून मी देशाच्या कडक भूमिकेच्या विरोधात आहे हा तुमचा समज मला मान्य नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आयर्लंड आणि नायजर यांनी हवामानाचा विषय सुरक्षा परिषदेत नेणारा ठराव आणला, तेव्हा भारताने रशियाच्या बरोबरीने विरोधात मत दिलं. बाहेर टीका झाली, मला ते मत पटलं होतं. ज्या सभेत पाच जणांच्या हाती नकाराधिकार आहे तिथे हा विषय कशाला न्यायचा? २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेत कोळसा 'बंद करू' ऐवजी 'कमी करू' असा शब्द सौम्य केला म्हणून सगळं खापर आपल्यावर फुटलं, पण तोच सौम्य शब्द त्याच आठवड्यात अमेरिका आणि चीनच्या संयुक्त निवेदनात येऊन गेला होता. कोळशावर बोट ठेवायचं आणि तेल-वायूवर चकार शब्द नाही, हा कावा दीपनगरच्या कोळसा वीजकेंद्राच्या चिमण्या रोज बघणाऱ्याला कोणी समजावून सांगायला नको.

माझा राग आहे तो एंडोसल्फान या कीटकनाशकाच्या प्रकरणावर, आणि मागच्या लेखातली तुम्हाला झोंबलेली टीकाही तीच होती. हे औषध कापसावर पाठीवरच्या पंपाने मारलेलं तुम्हीही पाहिलं असेल. हातमोजे नाहीत, तोंडाला फारतर उपरणं. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर ते वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने फवारलं गेलं आणि तिथल्या माणसांचं काय झालं हे सगळ्या देशाने पाहिलं. वर्षानुवर्षं न विरणाऱ्या विषारी रसायनांवरच्या स्टॉकहोम करारात त्यावर जागतिक बंदीचा प्रस्ताव आला, तेव्हा भारताने विरोध केला. कारणं तीच, मॉन्ट्रियलच्या वेळची: युरोपीय कंपन्यांना आपली महागडी पर्यायी औषधं खपवायची आहेत, गरीब शेतकऱ्याचं स्वस्त औषध काढून घेतलं जातंय. या म्हणण्यात तथ्यही होतं. पण भारत तेव्हा या औषधाचा सर्वांत मोठा उत्पादक होता, आणि ते बनवणाऱ्यांत सरकारी मालकीची हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सही होती. शेतकऱ्याचं नाव पुढे करून नेमकं कोणाचं हित राखलं जात होतं, हे विचारायला नको का?

एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हात निर्णय व्हायचा होता, त्याच आठवड्यात केरळचे मुख्यमंत्री व्ही. एस. अच्युतानंदन उपोषणाला बसले. आपल्याच देशाच्या जिनिव्हातल्या भूमिकेविरुद्ध! भारताने अखेर बंदी मान्य केली, पण काही पिकांना सवलतीची मुदत मागून घेतली. त्या सवलतीच्या यादीत कापूस होता, दादा. म्हणजे खान्देशातल्या फवारणाऱ्याला अजून काही वर्षं हे औषध हुंगायची परवानगी आपल्या शिष्टमंडळाने भांडून मिळवली. दोनतीन आठवड्यांत, १३ मे २०११ ला, सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदी घातली म्हणून ती यादी इथे कागदावरच राहिली.

लंडनमध्ये अडून बसलो ते योग्य होतं, जिनिव्हात अडून बसलो ते नव्हतं. दोन्हीकडे युक्तिवाद एकच. फरक इतकाच की लंडनमधून खर्चाचा वाटा घेऊन आलो आणि जिनिव्हातून जुनाच माल विकायची मुदत. शिष्टमंडळ निघण्यापूर्वी कापूसपट्ट्यातल्या एखाद्या सालदाराला, फवारणीच्या मजुराला कोणी विचारलं असतं तर कदाचित मागणीच वेगळी झाली असती: बंदी घाला, पण पर्यायी औषधाच्या किमतीतला फरक भरून द्या. हे बोलण्याने कोणाच्या हातात काठी जाते, ते मला तरी कळत नाही.

बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी गरीब देशांसाठी कबूल केलेले वर्षाचे ३०० अब्ज डॉलर "भीक" आहेत, हे तुमचं वाक्य. १.३ लाख कोटी डॉलरची मागणी असताना तेवढ्यावर बोळवण झाली आणि भारताने तिथेच भर सभेत नाराजी सांगितली. ती योग्यच होती. त्यात वाद घालायला काही नाही.

राहिला तुमचा शेवटचा टोमणा, की "केळीवाल्यांना या करारांनी काय दिलं ते सांगा." सांगतो. मॉन्ट्रियल करारालाच जोडलेल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने एसी आणि शीतगृहांतले, पृथ्वी तापवणारे एचएफसी वायू कमी करायचं ठरलं. भारताने उष्ण देशांची वेगळी रांग मागून घेतली. त्या रांगेत आपल्याबरोबर पाकिस्तान, इराण, इराक आणि आखाती देश आहेत. दिल्ली आणि इस्लामाबाद एका ओळीत बसल्याचं हे दुर्मीळ दृश्य! चीनसह बहुतेक विकसनशील देशांना २०२४ पासून वापर गोठवावा लागला, आपल्याला २०२८ पर्यंत सवड मिळाली. २०३२ पासून कपात सुरू होईल आणि २०४७ पर्यंत वापर ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. आखातात केळी पाठवणारे रावेर-सावद्याकडचे लोक आता शीतगृहं आणि रायपनिंग चेंबर बांधताहेत आणि ती यंत्रं पंधरा-वीस वर्षं चालवायची म्हणून घेतली जातात. आज आर-४०४ए या एचएफसी वायूवर चालणारं यंत्र गळ्यात पडलं तर त्याच्या निम्म्या आयुष्यात वायू महाग आणि दुर्मीळ होत जाईल. तुमच्या ओळखीत कोणी बांधत असेल तर त्याला सांगा, कोटेशनवर वायूचं नाव लिहून घे. अमोनियावर किंवा प्रोपेनवर चालणाऱ्या यंत्राचा भावही सोबत माग, आणि विक्रेता विषय टाळायला लागला तर दुसऱ्या दुकानात जा.