तो काही करत नाही!

कुत्रा फिरवायला निघायचं तर सकाळी साडेसहाचीच वेळ धरा. तेव्हा अख्खी सोसायटी आपापली जनावरं घेऊन खाली उतरलेली असते, गल्लीतल्या कुत्र्यांची रात्रपाळी संपत आलेली असते आणि कोपऱ्यावरच्या चिकन सेंटरबाहेर ठेवलेली पिशवी नुकतीच फुटलेली असते. अर्धा तास उशिरा निघालात किंवा मागच्या रस्त्याने गेलात, तर काहीही न घडता घरी परत याल. मग दिवसभर सांगायचं काय?

निघताना दोन्ही कानांत हेडफोन हवेत. मागून पळत येणाऱ्या पंजांचा आवाज ऐकू आला तर माणूस उगीच सावध होतो. हातात काठी किंवा छत्री अजिबात नको. काठी मारायला नसते, मध्ये आडवी धरून अंतर ठेवायला असते, आणि कुत्र्याच्या तोंडासमोर फटकन उघडलेली छत्री पाहून तो बऱ्याचदा बिचकतो, असं जुनी माणसं सांगतात. जुन्या माणसांचं काय, त्यांना कसलीच हौस नसते.

आता पट्टा. साधा, जाड, पाच फुटांचा पट्टा शक्यतो टाळा. दुकानात बटण दाबलं की पाच-पाच मीटर सुटत जाणारा पट्टा मिळतो, तो घ्या. त्याने तुमचा टॉफी पार्क केलेल्या गाडीच्या पलीकडे जातो, तिथे तो कोणाच्या तोंडासमोर उभा आहे ते तुम्हाला दिसत नाही, आणि दिसतं तोवर ती बारीक दोरी शेजारच्या आजोबांच्या पोटरीला दोन वेढे घालून झालेली असते. दोरी ओढून आवरायला जा, म्हणजे तळहातही सोलून निघतो.

अर्थात हे नवशिक्यांसाठी झालं. खरे दर्दी पट्टा गळ्यात घालतात, स्वतःच्या. पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी जाऊन बघा. रॉटवायलर पुढे मोकळा, त्याच्या मागे पन्नास पावलांवर मालक, आणि मालकांच्या मानेभोवती उपरण्यासारखा रुळणारा लालभडक पट्टा. टेकडीवर मोर आहेत, गुडघे धरून चढणाऱ्या आजी आहेत, कोणाच्या तरी कडेवर लेकरू आहे. पण रॉकीला मोकळं वाटलं पाहिजे ना!

इथे जो संवाद होतो तो नीट पाठ करून ठेवा. कधी ना कधी तुम्हाला यातली एक बाजू घ्यावीच लागणार आहे.

"अहो, धरा ना त्याला जरा!"

"काही करत नाही हो तो."

"माझा घाबरतो."

"त्याला खेळायचंय फक्त. रॉकी, नो! रॉकी, कम! रॉकी, कम हिअर! रॉकीऽऽ!"

(घरात सगळे मराठी बोलतात, आजीशी तर अगदी सदाशिव पेठी. पण कुत्र्याशी इंग्रजीच, आणि ते त्या दोघांपैकी एकालाही नीट येत नसतं.)

रॉकी येत नाही. तो कधीच येत नाही, कारण "कम" म्हटल्यावर काय करायचं असतं हे त्याला आजवर कोणी शिकवलेलं नाही. तो टॉफीपर्यंत पोचतो. मग मालक पावलं जराशी झपाझप टाकतात आणि पुढचं वाक्य म्हणतात, "आजपर्यंत कधीच असं केलं नव्हतं." त्यानंतर, "तुमच्यानेच आधी बघितलं त्याच्याकडे." आणि तुमच्या पोटरीतून रक्त येताना दिसलं की शेवटचं, "तुम्ही घाबरलात ना, म्हणून. त्यांना वास येतो भीतीचा." क्रम चुकवू नका. पोटरी दिसण्याआधीच भीतीचा वास काढला, तर सगळा परिणाम जातो.

समोरच्या कुत्र्याचा रागरंग ओळखणं अगदी सोपं आहे. शेपूट हलतंय ना? मग प्रेमच. ते शेपूट काठीसारखं ताठ वर उभं राहून फक्त टोकाशी थरथरतंय, अंग जागच्या जागी थिजलंय, इतका वेळ धापा टाकणारं तोंड अचानक मिटलंय, मानेपासून पाठीपर्यंतचे केस उभे राहिलेत आणि नजर टॉफीवरून हलत नाहीये, या किरकोळ गोष्टींकडे कशाला बघायचं? गुरगुरला तर लगेच चापट मारा. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याची "आता पुरे" अशी पूर्वसूचना. मार खाऊन खाऊन ती सवय एकदा मोडली, की पुढच्या वेळी तो न सांगता थेट चावेल. वेळही वाचतो.

रस्ता ओलांडणं, गाडीच्या आडोशाला थांबणं, मोठा वळसा घेऊन निघून जाणं, हे सगळं भित्र्यांचं. कुत्रे आपल्या मर्जीने भेटतात तेव्हा वाकडी वाट करून, बाजूने, वास घेत भेटतात. आपण त्यांना पट्टा ताणून नाकासमोर नाक उभं करायचं आणि म्हणायचं, "से हॅलो, टॉफी." पट्टा ताणला की आपल्या हातातली धाकधूक त्याच्या मानेपर्यंत पोचते, तेवढाच आपुलकीचा दुवा.

भटक्या कुत्र्यांचं शास्त्र मात्र वेगळं. तिथे एकच उपाय, पळणे. जागीच उभं राहायचं, हात अंगाशी घ्यायचे, नजरेला नजर द्यायची नाही, पाठ न दाखवता तिरकं एकेक पाऊल मागे जायचं, असले पुळचट सल्ले ऐकू नका. पळणाऱ्या वस्तूच्या मागे धावणं हा कुत्र्याचा जन्मजात छंद आहे, आणि तो पुरवायला आपल्यासारखा माणूस दुसरा मिळायचा नाही. दुचाकीवर असाल तर गाडी हळू करण्याऐवजी वेग वाढवा आणि दोन्ही पाय उचलून हँडलवर घ्या. यात कुत्रा चावायची शक्यता कमी होते, कारण त्याच्याआधी दुभाजक येतो.

खाली वाकून दगड उचलल्याचा नुसता आव आणला तरी निम्मी कुत्री मागे फिरतात, ही आपल्या आजोबांची विद्या. पण आता सगळीकडे पेव्हर ब्लॉक. वाकून काय, नखाने उचकटणार?

टॉफी छोटा असेल तर तो सरळ उचलून डोक्याच्या वर धरा. म्हणजे तुमची दहीहंडी झाली आणि खालचे गोविंदा उड्या मारायला मोकळे. आधी त्यांचे पंजे तुमच्या छातीवर, मग दात कोपरावर. उचलायची वेळ आलीच तर पाठ वळवून त्याला पोटाशी घट्ट धरायचं आणि जवळच्या गाडीत, दुकानात, जिन्यात शिरायचं, हे फारच बेरंगी झालं.

भांडण जुंपलं की सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे असतं, तेव्हा कचरू नका. दोघांच्या तोंडांच्या मधोमध हात घाला. कुत्र्यांची भांडणं सोडवताना माणसांचे चावे बहुतेक हातांनाच होतात, ही परंपरा तुमच्यामुळे खंडित व्हायला नको. टॉफीचा कान दुसऱ्याच्या जबड्यात असेल तर टॉफीला जोरात मागे ओढा, म्हणजे भोकाची चीर होते. दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय धरून त्यांना मागे खेचणं, वॉचमनच्या बादलीतलं पाणी ओतणं, अंगावरचं जॅकेट एकाच्या डोक्यावर टाकणं, कचऱ्याच्या डब्याचं झाकण मध्ये सारणं, असेही मार्ग आहेत म्हणतात. पण त्यासाठी दोन्ही मालकांनी एका वेळी एकच काम करावं लागतं, आणि ते तर "आधी कोणी बघितलं" यावर अडलेले असतात.

चावा बसला? छान. आता जखम मुळीच धुऊ नका. साबण लावून वाहत्या नळाखाली चांगली पंधरा मिनिटं धुतली, तर रेबीजच्या विषाणूचं स्निग्ध कवच साबणाने मोडतं आणि धोका बराच कमी होतो. शिवाय पंधरा मिनिटांत पाणी किती वाया जातं! त्यापेक्षा पहिल्या मजल्यावरच्या काकूंना हाक मारा, त्या हळद घेऊन येतील. दुसऱ्या मजल्यावरून चुना, तिसऱ्यावरून तिखट, आणि गावाकडच्या मामांचा फोन येईल की अमुक गावी एक जण मंत्र घालतो, एकदम खात्रीचा. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात असं सांगणारेही भेटतील. ती जुनी लस भारतात २० वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दंडात घ्यायची, पहिला डोस ज्या दिवशी तो दिवस शून्य धरून मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, दंडात खोलवर देत असतील तर चौदाव्याही. महापालिकेच्या दवाखान्यात फुकट. पण चौदा इंजेक्शनांच्या भीतीने दवाखान्यात न जाणं जास्त रोमांचक वाटतं.

गेलातच, तर डॉक्टर जखम खोल आहे म्हणून तिच्यात इम्युनोग्लोब्युलिनही (म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) टोचायला सांगतील. तेव्हा म्हणायचं, "घरचं कुत्रं होतं हो, चांगल्या सोसायटीतलं." विषाणूला पत्ता दाखवला की तो परत जातो. दुसऱ्या डोसनंतर बरं वाटेल, तिथेच थांबा. तिसऱ्याच्या दिवशी ऑफिसात मीटिंग आहे, चौथ्याला गावाला लग्न आहे. रेबीजची लक्षणं दिसायला बहुतेकदा दोन-तीन महिने लागतात, तोवर सगळे विसरलेले असतात. एकदा दिसली की मग कुठल्याच डॉक्टरची गरज उरत नाही. हा आजार जवळजवळ शंभर टक्के मारतो, आणि मीटिंग मात्र पुढे ढकलता आली असती.

टॉफीला तर दाखवूच नका. केसांखाली दातांची दोन बारीक भोकं दिसतात, आतलं मांस चेंगरलेलं असतं. चार दिवसांनी पू झाला की बघू. लस घ्यायला त्याचं दरवर्षीचं कार्ड शोधावं लागेल, आणि ते कार्ड बहुधा कुत्र्याच्या परवान्याजवळच असेल, म्हणजे कुठेच नाही.

कायद्याची काळजी तर मुळीच करू नका. आपलं जनावर आवरण्यात हयगय केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण रॉकीचे मालक तुमचे मित्र आहेत, दिवाळीला फराळाचं ताट पाठवतात. चकलीपुढे कलम टिकत नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आहेत. नसबंदी करा, लस टोचा, जिथून उचललं तिथेच परत सोडा. खायला घालायची जागा सोसायटीने ठरवायची, फाटक, जिने आणि मुलांचं खेळायचं ठिकाण सोडून. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं, मग अकरा दिवसांत तो आदेश बदलला: नसबंदी आणि लस झालेली परत सोडा, पण पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नका, आणि खायला घालायचं ते ठरलेल्या जागीच, रस्त्यावर नाही. तुमच्या सोसायटीतल्या श्वानप्रेमींनी या बदललेल्या आदेशातलं पहिलं वाक्य तेवढं पाठ केलंय, आणि श्वानद्वेष्ट्यांनी शेवटचं. नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, ते त्याने पोळी कोरडी खाऊ नये म्हणून. आमच्या सी विंगच्या ताई दूधभाताची पातेली घेऊन येतात आणि बरोबर ए विंगच्या दाराशी ठेवतात, कारण स्वतःच्या दाराशी घाण होते. नसबंदीची गाडी आली की त्याच ताई त्यांच्या लाडक्या राजाला बेसमेंटमध्ये लपवतात, गरीब आहे म्हणून. आणि ए विंगचे सेक्रेटरी वॉचमनला काठी देऊन रोज सकाळी पिल्लांना बदडायला लावतात, म्हणजे मोठं झाल्यावर माणूस दिसताच त्यांना काय करायचं ते शिकवायला नको.

एवढं सगळं झाल्यावर सोसायटीची विशेष सभा बोलवा. कुत्र्यांचा विषय पत्रिकेवर पहिला आणि एकमेव. रॉकीचे मालक मागच्या खुर्चीवर बसतील, सी विंगच्या ताई पुढे उभ्या राहून संविधानातलं प्राणिमात्रांवर दया करा सांगणारं कलम ५१-अ वाचतील, सेक्रेटरी "कुत्री की माणसं?" असा प्रश्न माइकशिवाय विचारतील. लिफ्टमध्ये पट्टा हवाच, तोंडाला मुसकं हवं, लसीची कार्डं ऑफिसात जमा करा, असं कोणी तरी हळूच सुचवेल. त्यावर उपसमिती नेमायची. उपसमितीत रॉकीचे मालक हवेत, त्यांना अनुभव आहे. मग कोणी तरी पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या हे विचारेल आणि पुढचे दोन तास त्यावर जातील.