फायरवॉल टाकली ना भाऊ, आता बिनघोर झोपा

सगळ्यात पहिले तर भाऊ, कॉम्प्युटरवर पर्सनल फायरवॉल, म्हणजे नेटवरचं येणं-जाणं तपासणारा पहारेकरी प्रोग्राम, टाकून घ्या, शेजाऱ्याकडे एक असंल तर आपल्याकडे दोन पाहिजेत, कमीपणा काहून घ्यायचा. तिले सिस्टमचे पूर्ण अधिकार देऊन टाका. नेटवरून आलेलं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचं छोटं पुडकं, अगदी चोरानं धाडलेलं सुद्धा, ती सगळ्यात पहिले उघडून वाचते, म्हणून तर सुरक्षित वाटते ना.

आता काही नतद्रष्ट लोक मुद्दाम २००४ चं उकरून काढतात. ब्लॅकआयस नावाची फायरवॉल होती, बरीच नावाजलेली. आयसीक्यू नावाच्या तेव्हाच्या चॅट प्रोग्रामचे मेसेज तपासताना त्यातलं नाव, ईमेल ती ठरलेल्या जागेत कॉपी करायची, पण किती लांब आहे हे मोजायचीच नाही. मोजून काय करायचं म्हणा! आपल्या इकडे नागपुरात बर्डीच्या शेअर ऑटोत नाही का, जागा संपली तरी माणसं घेतच राहतात, मग शेवटचा ड्रायव्हरच्या मांडीवर बसते, फक्त इथं त्या शेवटच्यानं हँडलच हाती घेतलं आणि ऑटो त्याले पाहिजे तिकडे नेला, म्हणजे मेमरीत जिथं पुढं कुठं जायचं ते लिहिलेलं असते तिथंच त्यानं आपला पत्ता लिहिला.

हे भोक १८ मार्चले जाहीर झालं, दुरुस्तीही होती. २० तारखेले, शनिवारी, आपल्या घड्याळात सकाळचे सव्वादहा, बर्डीवर तर्री-पोह्याची गर्दी असंल, तेवढ्यात विटी नावाचा वर्म, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्राम, सुटला. कोणी काही क्लिक केलं नाही, आयसीक्यू मेसेजचं सोंग घेतलेलं एकच यूडीपी पॅकेट (म्हणजे जोडणी-बिडणी न करता सरळ धाडलेलं) आलं, फायरवॉलनं ते इमानदारीनं वाचलं, बस. पाऊण तासात साधारण १२,००० मशिनी. तो २०,००० पॅकेटं इकडे-तिकडे पाठवायचा, मग हार्ड डिस्कवर कुठंतरी ६५ केबी कचरा लिहायचा, पुन्हा पॅकेटं, पुन्हा कचरा, मशीन बंद पडेपर्यंत.

गंमत म्हणजे ज्यांनी ही फायरवॉल किंवा त्याच कंपनीचं तसलं दुसरं काही टाकलंच नव्हतं त्यांचं विटीले काहीच वाकडं करता आलं नाही, बिचारे, असुरक्षितच राहून गेले.

तर घाबरू नका. कंपनीच्या बुलेटिन-फिलेटिनच्या नादी लागू नका, त्या फायरवॉलची राखण करायले तिच्यावर अजून एक टाका, तीही सगळी पॅकेटं वाचणारी. खाली उजव्या कोपऱ्यात अपडेटचं डबडं आलं की ‘नंतर’ दाबा, आणि रीस्टार्ट करू का विचारलं तर बिलकुल नाही, तिकडे टोरेंट ९७ टक्क्यांवर येऊन राहिलं असते.